आईच्या कोपराचा सांधा बदलायचा आहे: बिजागरीचा घ्यावा की सुटा?

आचऱ्याची लेक

नमस्कार. आईसाठी विचारते आहे. वय 63, र्‍हुमॅटॉइड संधिवात गेली 21 वर्षं. आधी बोटं वाकडी झाली, मग मनगटं, मग गुडघे. कोपराकडे आम्ही कुणी पाहिलंच नाही, कारण आई सांगत नाही.

मागच्या गावपळणीला आमचं लक्ष गेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या आचऱ्यात रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. घरी आई सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात एकटी जेवते. झोपडीत आडोसा नव्हता. तिथे मी पाहिलं की ती घास तोंडाकडे नेत नाही, तोंड ताटाकडे नेते. उजवं कोपर काटकोनाच्या पुढे वाकतच नव्हतं. आणि तांब्या उचलताना कोपरापासून खालचा हात बाजूला लटपटत होता. दोन वर्षं तरी हे चाललं असणार, आणि मी त्याच घरात राहते.

आता एक्स-रे झाले. सांध्यातली फट संपली आहे, दंडाच्या हाडाचं खालचं टोक कुरतडल्यासारखं दिसतं. औषधं: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, स्टेरॉइड 5 मिलिग्रॅम रोज. दोन सर्जनना दाखवलं. कोल्हापूरचे म्हणतात दोन्ही भाग पिनेने जोडलेला, बिजागरीसारखा सांधा सिमेंटने बसवू. मुंबईचे म्हणतात आधी सुटा ठेवता येतो, गरज पडली तर नंतर जोडता येतो असा नवा सांधा बसवू, हाडावर ताण कमी येईल. दोघांनीही नीट वेळ देऊन सांगितलं, पण घरी आल्यावर माझ्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झाली.

आईला विचारलं तर म्हणाली, "माका आता जड काय उचलूचा नाय. माझो घास माझ्या हातान माझ्या तोंडात जावचो, इतक्याच होया."

ज्यांच्या घरात हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया लिहा. गुडघ्याचे अनुभव पुष्कळ मिळतात, कोपराचे कुठेच सापडत नाहीत.

कुडाळचा फिजिओ

ताई, तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तांब्या उचलताना हात बाजूला लटपटतो ही. ती दोन्ही सर्जनना याच शब्दांत सांगितलीत का?

सुटा सांधा म्हणजे दंडाच्या हाडात एक भाग, पुढच्या हातातल्या अल्ना या हाडात दुसरा, आणि एक दुसऱ्यावर नुसता टेकलेला. त्यांना एकत्र धरतात ती पेशंटची स्वतःची लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, आणि स्नायू. र्‍हुमॅटॉइडमध्ये सांध्याचं आतलं अस्तर सुजून कूर्चा खातं, हाड खातं, आणि दोन्ही बाजूंची लिगामेंटही सैल करतं. ती शाबूत असतील, दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचे दोन्ही कंगोरे जागेवर असतील, तर सुट्या सांध्याचा फायदा खरा आहे: हात वळताना-पिळताना येणारा जोर मांस आणि लिगामेंट वाटून घेतात, सगळाच्या सगळा सिमेंटवर जात नाही. लिगामेंट गेलेली असतील तर मात्र सांधा निखळतो.

बिजागरीबद्दलही एक गैरसमज असतो. 1970 च्या सुमारास बसवायचे ते कोपर खरंच दाराच्या बिजागरीसारखे ताठ होते, फक्त एकाच दिशेने हलायचे. आणि ते लवकर सैल व्हायचे, कारण हाताचा प्रत्येक पीळ थेट सिमेंटला जाऊन धडकायचा. आताच्या जोडलेल्या सांध्यात मुद्दाम ढिलाई ठेवलेली असते, साधारण 7 ते 10 अंश बाजूला हलेल इतकी. अमेरिकेत कूनराड यांनी सुरुवात केली आणि मेयो क्लिनिकच्या मॉरी यांनी तो सुधारला, म्हणून कूनराड-मॉरी. त्याला पुढच्या बाजूने एक पातं असतं, ते हाडाच्या पुढच्या भागावर हाडाचा तुकडा घालून टेकवतात, म्हणजे वरचा भाग मागे सरकत नाही, पिळतही नाही. आपल्याकडे कोलकात्याचे डॉ. बक्षी यांनीही असाच ढिल्या बिजागरीचा सांधा तयार केला. त्यावरचा त्यांचा लेख 1998 चा आहे, पण तो मुख्यतः अपघाताने जखडलेल्या किंवा खिळखिळ्या झालेल्या कोपरांबद्दलचा.

आता माझे प्रश्न. आई काठी घेतात का, आणि कोणत्या हातात? गुडघ्यांचं ऑपरेशन कुणी सुचवलंय का? मानेचा एक्स-रे झालाय का, पुढे वाकून आणि मागे ताणून, असे दोन? करंगळीला मुंग्या येतात का?

आचऱ्याची लेक

काठी उजव्याच हातात. उठताना उजवा तळवा जमिनीवर टेकून सगळं अंग त्यावर देते. गुडघ्यांचं "पुढे बघू" म्हणाले आहेत. मानेचा एक्स-रे कुणी सांगितला नाही. करंगळीला मुंग्या येतात, रात्री जास्त.

काठीचं कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

कुडाळचा फिजिओ

मग हे सगळं ऑपरेशनच्या आधी ठरवायला हवं, नंतर नाही. कृत्रिम कोपर अंगाचा भार घ्यायला बनवलेलं नाही. ज्या बाईचे गुडघे तिला काठी धरायला लावतात, तिच्या नव्या कोपरावर रोज शंभर वेळा तोच भार पडणार. म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन लवकरच लागणार असेल तर बहुतेक वेळा पाय आधी करतात. लागणार नसेल तर काठी सोडवा आणि पुढचा हात आडवा टेकवायची गादी असलेला वॉकर घ्या. त्यात मनगटावर आणि तळव्यावर जोर येत नाही, र्‍हुमॅटॉइडच्या माणसांना तोच बरा. घरात बसायला उंच खुर्ची, आणि संडास कमोडचा.

मानेचं जास्त कळकळीने सांगतो. इतक्या वर्षांच्या र्‍हुमॅटॉइडमध्ये मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सरकू शकतात. भूल देताना मान मागे वाकवून नळी घालतात, म्हणून भूलतज्ज्ञाला ते आधी माहीत असलंच पाहिजे. ऑपरेशन कुठेही करा, मानेचे फोटो घेतल्याशिवाय जाऊ नका.

गुहागरची बाई

ताई, तुमचं लिहिणं वाचलं आणि रात्रभर मनात घोळत राहिलं. तोंड ताटाकडे नेणं हे मी चार वर्षं केलंय. मी शाळेत शिकवत होते, मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये पाठ फिरवून जेवायचे.

माझं उजवं कोपर 2014 च्या डिसेंबरात झालं, तेव्हा मी 52 वर्षांची होते. जोडलेला सांधा, सिमेंटने बसवलेला. माझ्या सर्जनने निवड कशी केली ते सांगते. त्यांनी माझा दंड एका हाताने घट्ट धरला, दुसऱ्या हाताने पुढचा हात आधी बाहेर आणि मग आत दाबला. तो दोन्हीकडे उघडला, आणि आतून कट् आवाज आला. ते म्हणाले, "बाई, तुमच्या कोपराला धरून ठेवणारं आता काही उरलेलं नाही. सुटा सांधा बसवला तर तो राहील कशाच्या जोरावर?" मला तेवढं पुरलं. हीच तपासणी तुमच्या आईंची तुमच्यासमोर करायला सांगा, म्हणजे कुणाचं म्हणणं घ्यायचं ते निम्मं तिथेच कळेल.

ऑपरेशन दिवाळीनंतरचं घ्या, जमलं तर. आपल्याकडे पावसात काही वाळत नाही, जखमही ओलसर राहते. कोपराच्या टोकाला कातडी नि हाड, मध्ये मांस असं नाहीच. त्यात आपल्यासारख्यांची कातडी स्टेरॉइडने कागदासारखी झालेली, आणि माझ्या टोकावर तर संधिवाताची एक गाठही होती. जखम भरायला मला 24 दिवस लागले. त्या 24 दिवसांत सर्जनना जितकी काळजी होती तितकी नंतर कधी दिसली नाही. जंतुसंसर्ग झाला तर सगळा सांधा काढावा लागतो, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. मेथोट्रेक्सेट माझं चालू ठेवलं. पण तेव्हा मला इंजेक्शनही चालू होतं, बायोलॉजिक म्हणतात ते. त्याचा एक डोस चुकवून मग तारीख घेतली आणि जखम भरल्यावर पुन्हा सुरू केलं. आईंच्या प्रत्येक गोळीबद्दल संधिवाताच्या डॉक्टरांना आणि सर्जनना एकमेकांशी बोलायला लावा. मी माझ्या दोघांना माझ्या समोर फोनवर बोलायला लावलं होतं.

दुसरं, दंडाच्या मागच्या स्नायूचं विचारा. ट्रायसेप्स. तो हाडावरून सोडवून पुन्हा शिवणार की न सोडवता बाजूने जाणार, हे सर्जनप्रमाणे बदलतं. माझा सोडवला होता, म्हणून सहा आठवडे जोर लावून हात सरळ करायचा नाही, कशावर टेकून उठायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. आजही डोक्यावरच्या फळीवर डबा ढकलताना तो हात कमी पडतो. मुंग्यांचं म्हणाल तर तिथल्या नसेला ऑपरेशनमध्येच मोकळं करतात. माझ्या करंगळीचा बधिरपणा पुरता गेलेला नाही, पण रात्री झोप लागते.

आणि वजन. हे आईंना आधी सांगा, नंतर सांगू नका. एका वेळी पाच किलोच्या वर नाही, आणि जे पुन्हा पुन्हा उचलायचं ते एक किलोच्या आत. महिना-दोन महिने नव्हे, जन्मभर. भरलेली कळशी नाही. विहिरीचा दोर नाही, रहाट असला तरी नाही. आमच्याकडे मे महिन्यात रातांबे फोडायचे असतात, ते मी बसून एकेक फोडते, पण टोपली दुसऱ्याने उचलायची. आंब्याच्या पेटीला मी अकरा वर्षांत हात लावलेला नाही. पहिल्या वर्षी एकदा नातवाला उचलायला वाकले होते, सुनेने धावत येऊन त्याला घेतलं. ते मला अजून लागून राहिलंय, पण तिने बरोबर केलं.

अलिबागकर

माझा अनुभव उलट बाजूचा आहे म्हणून लिहितो. वडिलांना र्‍हुमॅटॉइड होता. 2001 मध्ये एका मोठ्या शहरात त्यांचं डावं कोपर बदललं, सुट्या प्रकारचा सांधा. तेव्हा आम्हाला दोन प्रकार असतात हेच कुणी सांगितलं नाही. आठ महिन्यांनी बनियन काढताना तो निखळला. भूल देऊन बसवला. दीड वर्षाने पुन्हा निखळला, या वेळी झोपेत. त्यानंतर सहा वर्षं त्यांनी पट्टा बांधून काढली. 2009 मध्ये दुसऱ्या ठिकाणी तो काढून जोडलेला बसवला. दुसऱ्यांदाचं ऑपरेशन फार कठीण असतं, जुनं सिमेंट खरवडून काढताना हाड फुटतं. त्यांचंही फुटलं, तारा घालाव्या लागल्या. पण त्यानंतर 2020 मध्ये ते जाईपर्यंत हात जागेवर राहिला, आणि शेवटपर्यंत त्यांनी स्वतःची दाढी स्वतः केली.

त्या काळात मी या विषयावर मिळेल ते वाचलं. आचऱ्याच्या ताईंना उपयोगी पडेल तेवढं सांगतो.

र्‍हुमॅटॉइडच्याच पेशंटमध्ये तीन सांध्यांची तुलना केलेला इंग्लंडमधला एक अभ्यास 2005 मध्ये आला: स्कॉटलंडचा सूटर-स्ट्रॅथक्लाइड आणि जपानचा कुडो हे दोन सुटे, कूनराड-मॉरी हा जोडलेला, प्रत्येकी 33 कोपरं. दुखणं कमी होणं आणि हात वाकणं यात तिघांत फारसा फरक नव्हता. पाच वर्षांनी पुन्हा ऑपरेशन न करावं लागलेल्यांचं प्रमाण तिन्हींत 85 ते 93 टक्क्यांच्या दरम्यान. निखळण्याचा प्रश्न मात्र जोडलेल्यात उरत नव्हता, आणि जोडल्यामुळे तो जास्त सैल होतो असंही दिसलं नाही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण मुंबईच्या डॉक्टरांचा मुद्दा तोच आहे. तो मुद्दा तर्काने बरोबर आहे, फक्त त्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही. त्यातले सूटर आणि कुडो आता मागे पडले. तुम्हाला सुचवलेला, पुढे जोडता येणारा सांधा ही नंतरची पिढी, त्यामुळे 2005 चे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका.

लांब पल्ल्याचे आकडे मेयो क्लिनिकचे आहेत. 1998 मध्ये त्यांनी 78 कोपरांचं छापलं, 12 वर्षांनी 92.4 टक्के टिकलेली. मग 2016 मध्ये 461 कोपरांचं, तीस वर्षांच्या कामाचं: 10 वर्षांनी 92 टक्के, 15 वर्षांनी 83, 20 वर्षांनी 68. दोन गोष्टी ध्यानात ठेवून हे वाचा. एक, ज्यांनी सांधा घडवला त्यांचेच हे आकडे. दोन, तिथे कोपरं रोजच्या कामाचा भाग आहेत. आपल्याकडे गुडघे हजारोंनी करणारा सर्जन वर्षाला कोपरं किती करतो, हे विचारायला संकोच करू नका. मी 2009 मध्ये विचारलं, आणि ज्यांनी रागावता आकडा सांगितला त्यांच्याकडेच वडिलांना नेलं.

जोडलेल्या सांध्याची झिजणारी जागा म्हणजे पिनेभोवतीचं प्लास्टिकचं बुशिंग. वर्षांनुवर्षांत ते झिजतं, सांधा आतल्या आत खुळखुळतो. वेळेत कळलं तर नुसतं बुशिंग बदलून भागतं. त्यासाठी दुखत नसलं तरी ठरावीक काळाने एक्स-रे काढत राहायचा. वडिलांचा आम्ही दर वर्षी गणपती झाले की काढायचो.

गुहागरची बाई

अलिबागकर दादा, "रागावता" लिहिलंत, "न रागावता" म्हणायचं असेल ना?

वडिलांच्या दाढीचं वाचून डोळे भरले.

अलिबागकर

हो, न रागावता. घाईत सुटलं. ताई, आकडा न रागावता सांगणारे डॉक्टर शोधा.

आचऱ्याची लेक

सगळ्यांची फार आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मध्ये बरंच काही झालं.

आईला घेऊन पुन्हा कोल्हापूरला गेले. फोंड्याचा घाट उतरणीला तिला सोसत नाही म्हणून येताना गगनबावड्याने आलो. गुहागरच्या काकूंनी सांगितलेली तपासणी मी माझ्यासमोर करायला सांगितली. हात दोन्हीकडे उघडला. आई ओरडली नाही, नुसता माझा हात धरला. एक्स-रेत आतल्या बाजूचा कंगोराही जवळजवळ गेलाय असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग तोच फोटो आणि तपासणीचं सगळं मुंबईच्या डॉक्टरांना कळवलं, तर ते स्वतःच म्हणाले, असं असेल तर मीही पहिल्याच दिवशी जोडूनच बसवेन. म्हणजे दोघांत मला वाटलं होतं तेवढं अंतर नव्हतंच. मी लटपटणं आधीच नीट सांगायला हवं होतं.

मानेच्या फोटोत वरचा मणका थोडा सरकतो असं निघालं. ऑपरेशन लागण्याइतका नाही, पण भूलतज्ज्ञांनी कागदावर लाल शाईने लिहून घेतलं. कुडाळच्या दादांना मी काय म्हणू ते मला सुचत नाही. गुडघे दोन-तीन वर्षं तरी थांबू शकतील म्हणतात, म्हणून कोपर आधी. गादीचा वॉकर घरी आलाय. पहिले चार दिवस आई त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हती, आता पडवीपर्यंत जाते. काठी मी माळ्यावर टाकली.

तारीख दिवाळीनंतरची. चतुर्थीला मोदक वळायला मीच बसणार हे तिने मान्य केलंय, ती पाटावर नाही, खुर्चीवर बसून सांगणार.

काकू, तिचे दोन प्रश्न आहेत, तिच्याच आग्रहाने विचारते. नारळ खवता येईल का? आणि अंबाडा घालता येईल का?

गुहागरची बाई

आईंना माझा नमस्कार सांगा.

नारळ विळीवर बसून नाही. त्यात हाताला पीळ बसतो आणि वरून दाबावंही लागतं, दोन्ही वाईट. ओट्याला घट्ट बसणारी, दांडा फिरवायची खवणी मिळते, ती आणा. दांडा डाव्या हाताने फिरवायचा, उजव्याने वाटी नुसती धरायची. डावं कोपर कसं आहे त्यांचं? तेही दुखत असेल तर खवलेलं खोबरं दुसऱ्या कुणाकडून घ्या, एवढं कबूल करायला लावा.

अंबाड्याला फक्त कोपर पुरत नाही, खांदाही वर जावा लागतो, म्हणून खांदे कसे आहेत ते फिजिओ दादांना दाखवा. मला साडेतीन महिन्यांनी जमला. त्याआधी सून वेणी घालून द्यायची. ब्लाउज आत्ताच पुढून बटणांचे शिवून घ्या, बाह्या सैल, कोपराच्या वर. दवाखान्यात जाताना दोन मऊ उशा घरच्या न्या. पहिले दोन दिवस हात उंचावर ठेवतात, तिथल्या उशा घसरतात.

आणि घासाचं. माझी पट्टी तिसऱ्या दिवशी सैल केली, हळूहळू वाकवायला सांगितलं. सहाव्या दिवशी सकाळी मऊ भात आणि मेतकूट होतं. सून भरवायला बसली होती, मी तिला थांब म्हटलं. हात थरथरत होता, पण मान खाली घालावी लागली नाही.

तारीख पक्की झाली की इथे लिहा.